स्वल्प थांब

"खुर्चीबद्दल तक्रार नाही हो, अक्का," सुप्रीता म्हणाली, "पण आता ती घरात ठेववत नाही."

बसवनगुडीतल्या त्या सभागृहाच्या मागच्या पडवीत दर शनिवारी व्हीलचेअर फुकट दिल्या जात आणि गरज सरली की परत घेतल्या जात. शुभदा तिथली जुनी स्वयंसेविका. गरज सरली म्हणजे नेमकं काय झालं, हे तिथं कुणी विचारत नसे. सुप्रीताच्या सासूबाई गेल्या महिन्यात वारल्या होत्या.

"का गं? काय झालं?"

सुप्रीतानं आवाज खाली आणला. "सासूबाईंचा डावा हात लुळा होता ना? खुर्चीत बसवलं की त्याच हाताचं बोट वाजायचं. टक-टक, मग जरा थांबून आणखी एकदा टक. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधी कधी. मी म्हटलं, सरी, असेल. पण परवा मी पोळ्या करत होते, अक्का, आणि खुर्ची रिकामी होती. तरी वाजलं."

"स्क्रू ढिले झाले असतील," म्हणत शुभदानं वेळ मारून नेली. सुप्रीता फाटकाबाहेर गेल्यावर मात्र तिनं खुर्ची जवळ ओढून घेतली. ती तिथंच कट्ट्यावर बसली. ती रुंद बैठकीची खुर्ची अजितची होती, तिच्या नवऱ्याची.

अजित सरकारी कारखान्यात इंजिनिअर होता, अंगापिंडानं दांडगा. अर्धांगवायूनं वाचा गेली तेव्हापासून तो तिला असंच बोलवायचा. डाव्या हाताच्या बोटानं आर्मरेस्टवर टक-टक, आणि थोडं थांबून टक. स्वयंपाकघरातून ही ओरडायची, "स्वल्प थांब!" लग्न होऊन साताऱ्याहून बेंगळुरूला आल्यावर तिनं उचललेला पहिला कानडी शब्द तो. जरा म्हणायचं तिथं स्वल्प. रिक्षावाल्यालाही स्वल्प, नवऱ्यालाही स्वल्प. अजितला त्याचं हसू यायचं. बोलणं गेलं, पण ते हसू शेवटपर्यंत राहिलं.

तो गेल्यावर दिवसकार्य उरकलं आणि तिनं स्वतः खुर्ची ढकलत इथं आणून दिली. केवढी खंबीर बाई, असं सगळे म्हणाले. कौतुक ऐकून ती घरी गेली आणि त्या शांततेत तिला घास गिळवेना.

इथले नियम दोन. खुर्ची आधी कुणाची होती ते घेणाऱ्याला सांगायचं नाही, कारण मेलेल्या माणसाची म्हटलं की लोक हात लावत नाहीत. दुसरा म्हणजे, देण्याआधी आपल्यापैकी कुणीतरी तिच्यात बसून एक फेरी मारायची. दोन्ही नियम शुभदानंच घालून दिलेले. अजितच्या खुर्चीचे टायर बदलले होते, बैठक बदलली होती, आर्मरेस्टही नवे होते. त्याच्या वेळचा असा खुर्चीचा नुसता सांगाडा उरला होता. हे सगळं तिला ठाऊक होतं, आणि तरीही तिला ती खुर्ची घरी न्यायची होती. आत्ता, ताबडतोब.

"बरं झालं ही खुर्ची परत आली," आतून गुरुप्रसाद म्हणाले. तेही तिच्यासारखेच स्वयंसेवक. "के. आर. पुरमहून विठोजी येतोय. त्याला रुंदच लागते, आणि दुसरी रुंद नाही आपल्याकडे."

"हिचा ब्रेक गेलाय," शुभदा म्हणाली. "घरी नेऊन बघते." ब्रेकला काहीही झालेलं नव्हतं.

"सरी," म्हणून गुरुप्रसाद कामाला लागले.

विठोजी आला तो प्लास्टिकच्या खुर्चीत. एका बाजूनं रिक्षावाल्यानं उचललेली, दुसऱ्या बाजूनं बायकोनं, तानूबाईनं. बेळ्ळंदूरला इमारतीच्या परांचीवरून पडल्यापासून त्याच्या कमरेखाली जीव नव्हता. रुंद खुर्ची आज मिळणार नाही म्हटल्यावर तानूबाईचा चेहरा उतरला.

"ताई, दिवाळीपास्नं ह्यांनी दाराबाहेरचं ऊन बघितलं नाय. मला एकटीला उचलत नाय ओ."

"गप की," विठोजी म्हणाला. "मिळंल तवा मिळंल." त्याची नजर कोपऱ्यातल्या खुर्चीवर होती. पण त्यानं तिच्याबद्दल विचारलं नाही. मागून मागून माणूस दमतो, तसा तो दमला होता. शुभदाला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"थांबा, ब्रेक बघते," ती म्हणाली. पाना घेऊन तिनं घट्ट असलेलाच नट पुन्हा घट्ट केला. मग नियमाप्रमाणे ती खुर्चीत बसली.

डावा हात तिनं आर्मरेस्टवर ठेवला. वर पंखा कुरकुरत होता. ती वाट पाहत राहिली. "अजित," ती ओठातल्या ओठात म्हणाली. काही झालं नाही. लोकांकडे वाजवतोस आणि माझ्यापाशी मुकाट? तिला असा राग आला की डोळे भरून आले. फेरी पुरी करून ती उठली.

विठोजी बसला, आणि कुणी सांगायच्या आत चाकं फिरवत अंगणातल्या उन्हात जाऊन थांबला. तानूबाई तोंडाला पदर लावून हसत होती. दोघांना घरी सोडायला संस्थेचा टेम्पो आला. विठोजीला खुर्चीसकट मागं चढवलं, चाकं बांधली.

"ताई, आदी कुणाची व्हती ओ ही?" त्यानं वरून विचारलं.

"बसून बघितलेली आहे," शुभदा म्हणाली. "बिनघोर बसा."

तेवढ्यात वाजलं. टक-टक. मग थोडं थांबून, टक.

विठोजीनं दोन्ही हातांनी मांडीवरची पिशवी धरली होती. टेम्पोचं इंजिन अजून बंद होतं. तानूबाईनं हसणं थांबवून इकडंतिकडं पाहिलं.

"स्वल्प थांब," शुभदा म्हणाली. मोठ्यानं, आतल्या खोलीपर्यंत ऐकू जावं असं.

ड्रायव्हरनं किल्लीवरचा हात काढला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "येनु, अक्का? काय झालं?"

"तुम्हाला नाही म्हटलं," ती म्हणाली. "तुम्ही निघा."

टेम्पो कोपऱ्यावर वळेपर्यंत ती फाटकाशी उभी राहिली. मग आत आली. पुढची खुर्ची बसून बघायची राहिली होती.