आता उघडलंच आहे तर

"काका, जरा टॉर्च धरता का?"

सहदेव गावकर गडबडले. बत्तीस वर्षांत या गाडीपाशी त्यांच्या हातात पाना असायचा, पोपटपाना असायचा, फडकं असायचं. टॉर्च कधी नसायचा. तो दुसऱ्या कुणाच्या तरी हातात असायचा, नाहीतर भिंतीवरच्या खिळ्याला.

त्यांनी टॉर्च घेतला आणि इंजिनावर उजेड टाकला.

"इकडे नाही हो, डावीकडे. माझ्याच हाताची सावली पडतेय ना."

गाडीच्या पुढच्या टायरवर बसून अक्षता इंजिनाच्या बगलेत वाकली होती. घाटकोपरला तिचं आणि तिच्या भावाचं गॅरेज होतं. जुन्या गाड्या घ्यायच्या, दुरुस्त करायच्या, चालत्या करायच्या, हे त्यांचं काम. ती सकाळी नऊलाच मुलुंडला आली होती. आल्याआल्या तिने गाडीखाली सतरंजी टाकली आणि आत सरपटत जाऊन स्क्रू ड्रायव्हरने सगळा तळ टोचून पाहिला. बाहेर आली तेव्हा तिच्या केसांत गंजाचा भुगा होता.

"खालचा पत्रा संपलाय काका," ती म्हणाली होती. "चॅसीपण दोन ठिकाणी गंजाने खाल्लीय. खोटं कशाला बोलू?"

सहदेवांना राग आला नव्हता. पत्रा संपलाय हे त्यांना चार वर्षांपासून ठाऊक होतं. फक्त ते कुणी मोठ्याने म्हटलेलं नव्हतं.

गाडी होती हेराल्ड. जुन्या काळातली, दोन दारांची, बुटकी. या गाडीची एक गंमत अशी की तिचं बॉनेट इतर गाड्यांसारखं पुढून उघडत नाही. दिव्यांसकट, मडगार्डांसकट गाडीचा सगळा पुढचा भागच पुढे कलंडतो, आणि इंजिन, चाकं सारं काही ताटात वाढल्यासारखं समोर येतं. हवं तर टायरवर बसून काम करा. सहदेव निवृत्त झाल्यावर दर रविवारी सकाळी सोसायटीतली मुलं त्या टायरांवर बसायची. सहदेव एकेकाच्या हातात पाना द्यायचे. कुणाच्या हातून बोल्ट पडला की म्हणायचे, "बोल्ट हरवत नसतो रे, तो लपतो. शोध बघू." तिसऱ्या मजल्यावरची प्रांजल तर नववीत होती तेव्हा तिने कार्बोरेटर खोलून परत जोडला होता. दोन स्क्रू उरले, तेव्हा सहदेव डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले होते. "उरले ते गाडीला नको होते म्हणायचं!"

आता प्रांजलचं घरही रिकामं झालं होतं. इमारत पाडून नवी बांधायची होती. महिनाअखेरीला शेवटचं बिऱ्हाड निघणार, आणि त्याआधी मागची शेड मोकळी करून हवी, अशी नोटीस जिन्यात लागली होती. सहदेव आणि त्यांच्या पत्नी नलिनीबाई यांच्यासाठी दोन गल्ल्या सोडून भाड्याचं घर पाहिलं होतं. तिथे गाडीला जागा नव्हती.

जागा दुसरीकडे मात्र होती. मरोळच्या ज्या कारखान्यात सहदेवांनी फिटर म्हणून तीस वर्षं काढली, तिथल्याच औद्योगिक वसाहतीत काशीराम या जुन्या सोबत्याचं छोटं वर्कशॉप होतं. त्याचा काल रात्रीच फोन आला होता. "सहदेवा, मागचो कोपरो रिकामो करून ठेवलंय. गाडी कधी हाडतंस?" गाडी कधी आणायची ते सहदेवांनी "उद्या सांगतो" म्हटलं. ही गोष्ट त्यांनी मुलाला सांगितली नव्हती. गाडी विकत घ्यायला अक्षताला शोधून आणलं होतं ते त्यानेच.

"काका, हलतोय हो उजेड."

सहदेवांनी दोन्ही हातांनी टॉर्च धरला. पण अडचण हाताची नव्हती. अक्षता काय करतेय ते त्यांना इथून दिसतच नव्हतं. ते वाकून बघायला गेले की उजेड सरके. उजेड जागेवर ठेवावा तर समोर दिसे फक्त तिची पाठ. हे काम असं असतं होय, त्यांच्या मनात आलं.

"तिच्या खांद्यावरून धरा बाबा."

सुबोध चहाचे कप घेऊन खाली आला होता. अडतिसाव्या वर्षी त्याचे कानापाशी केस पिकले होते. विम्याच्या कंपनीत नोकरी, बोरिवलीला घर, एक लेक, निधी. त्याने कप बाजूच्या स्टुलावर ठेवले. "आणि पान्याकडे नका बघू. तिच्या मानेकडे बघा. मान वळेल तिकडे उजेड न्यायचा. ती सांगेपर्यंत थांबायचं नाही."

सहदेवांनी तसं केलं. उजेड बरोबर जागी जाऊन बसला.

"आत्ता कसं झकास!" अक्षता आतून म्हणाली. "दादा, तुम्हीपण लाइनमधलेच वाटतं?"

"छे. मी टॉर्चवाला," सुबोध म्हणाला.

ती हसली. मग जरा वेळाने म्हणाली, "काका, सायलेन्सरचा पाइप इंजिनाला लागतो ना, तिथले बोल्ट सगळे मूळचे आहेत. हा एकच वेगळा दिसतोय. बदललाय का?"

सहदेव उत्तर देणार, तोच सुबोध म्हणाला, "तो मी तोडला होता."

तो सहज बोलला होता. पण त्याला जागा नेमकी माहीत होती. त्याने आत डोकावूनही पाहिलं नव्हतं.

त्या वेळी सुबोध दहा वर्षांचा होता. गाडी घेऊन चार वर्षं झाली होती आणि त्या श्रावणात ती पहिल्यांदा सुरू झाली होती. गणपतीला गाडी घेऊन देवगडला जायचं ठरलं होतं. नलिनीबाईंनी मागच्या सीटला कव्हरं शिवली होती. निघायच्या आदल्या रविवारी शेवटचे चार बोल्ट आवळायचे राहिले होते, तेवढ्यात सोसायटीच्या सेक्रेटरींनी सहदेवांना पाण्याचा पंप बघायला बोलावलं. "हात लावू नकोस," असं सांगून ते गेले. सुबोधला वाटलं, बाबा येईपर्यंत आपण करून दाखवू. तीन बोल्ट नीट आवळले. चौथ्याला वाटलं, अजून थोडा. घट्ट म्हणजे चांगला. बोल्ट मानेतच मोडला आणि अर्धा आत राहिला.

सहदेवांनी त्याला मारलं नाही. ही गोष्ट ते आजवर अभिमानाने आठवत आले होते. शेजारचे बाप चपलेने मारायचे, आपण बोटही लावलं नाही. ते फक्त संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत. मग म्हणाले, "यापुढे तू टॉर्च धर फक्त."

मोडका तुकडा काढायला एक दिवस पुरला असता. गणपतीला चार दिवस होते. पण तुकडा काढता काढता सहदेवांना वाटलं, आता उघडलंच आहे तर वरचा भागही उतरवून बघू. तो उतरवला तर पिस्टन दिसले. पिस्टन दिसले तर वाटलं, आता उघडलंच आहे तर... त्या वर्षी मंडळी एसटीने गावी गेली. सीटची कव्हरं नलिनीबाईंनी पुढे उशांना घातली. गाडी त्यानंतरही तीनचारदा सुरू झाली, पण दर वेळी कुठूनतरी बारीकसा आवाज यायचा, आणि सहदेवांना आवाज सहन व्हायचा नाही.

सुबोधने आठ वर्षं टॉर्च धरला. बारावीनंतर क्लासची वेळ बदलली आणि तो खाली यायचा बंद झाला. सहदेवांनी भिंतीत खिळा मारून टॉर्च टांगला. तेव्हाही त्यांना काही वाटल्याचं आठवत नाही.

"झालं माझं," अक्षता हात पुसत उठली. "इंजिन चांगलंय काका. खूप जपलंय. बॉडीला दीड-दोन वर्षं जातील. मला करायची आहे ही गाडी. पण तुमचं मन नसेल तर तसं सांगा, मला वाईट नाही वाटणार. मी भावाला फोन करून येते. तुम्ही दोघं बोला."

ती चहाचा कप घेऊन गेटाकडे गेली.

बापलेक शेडमध्ये उरले. वरच्या गॅलरीतून नलिनीबाईंनी हाक मारली, "अहो, काय ठरलं? राहतेय की जातेय माझी सवत?"

"सांगतो गं!" सहदेव वर न बघताच ओरडले. मग हळू आवाजात म्हणाले, "सुबोध, मरोळला काशीरामने जागा दिलीय."

"माहितीये. आईने सांगितलं."

"मग बोलला नाहीस?"

"म्हटलं, तुम्ही सांगाल."

सहदेवांनी टॉर्च बंद केला, परत चालू केला. "माझ्याच्याने आता खाली वाकून होत नाही. पण तू रविवारी येशील तर... मी नुसतं सांगेन. हातात पाना तू घे. चुकलं तर चुकलं. मोडलं तर दुसरं आणू." त्यांनी टॉर्च वर करून दाखवला. "टॉर्च मी धरीन. आत्ता शिकलोच की."

सुबोध हसला नाही. तो टायरवर बसला, मुलं बसायची तसा, आणि इंजिनाकडे बघत राहिला.

"बाबा, मी गॅलरीतून बघायचो," तो म्हणाला. "तुम्ही प्रांजलला शिकवायचात ना, तेव्हा. लग्नाआधी, इथे राहायचो तेव्हा. तिचे ते दोन स्क्रू उरले त्या दिवशीपण मी वरच होतो."

"मग खाली का नाही आलास?"

"सत्तावीस वर्षांचा होतो मी. काय सांगत येणार होतो?"

सहदेवांनी टॉर्चची काच अंगठ्याने पुसली. माणसाला दुसऱ्याची चूक पोटात घालायचा धीर येतो तो वय झाल्यावर, असं ते कुणाला तरी सांगू शकले असते. तो धीर कुणाच्या वाट्याला आला आणि कुणाच्या नाही, हे त्यांनी कधी मोजलं नव्हतं.

"लहानपणी विचारलं असतंत तर शाळा बुडवून आलो असतो," सुबोध म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती. "आता रविवारी निधीचा पोहण्याचा क्लास असतो. मला तिथे बसावं लागतं." मग त्याने स्वतःलाच दुरुस्त केलं. "म्हणजे, लागत नाही. मला आवडतं बसायला. ती मधूनमधून वर बघते ना."

"हं," सहदेव म्हणाले. "मग तिथेच बस."

त्यांनी खिशातून फोन काढला आणि काशीरामला लावला. "काशीराम, त्या कोपऱ्यात दुसरं काय ते ठेव." पलीकडून काशीराम म्हणाला, "बरां."

अक्षता परत आली तेव्हा सहदेव गाडीच्या काचा पुसत होते.

"एकच विचारतो गं पोरी. हॉटेलबिटेलच्या दारात नाही ना नेऊन ठेवणार? फोटो काढायला?"

"काय काका! चालवायला घेतेय मी. दादा म्हणाले, तुमचं गाव देवगड. तिथे घेऊन येऊ का तुम्हाला भेटायला?"

"देवगडला कोण असतं आता," सहदेव म्हणाले. "आणि ऐक. बारीक आवाज येतच राहणार तिच्यातून. त्याच्यासाठी उघडत बसू नकोस. चालतेय ना, मग चालवायची."

"ओके," ती म्हणाली, आणि मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून पुन्हा म्हणाली, "नाही उघडणार."

दुपारी टेम्पो आला. शेडपर्यंत तो येईना, म्हणून गाडी गेटापर्यंत ढकलत न्यायची होती. पाचपन्नास पावलं, आणि मध्ये पाण्याच्या टाकीपाशी उजवीकडे वळण. नलिनीबाई कठड्याला धरून, एकेक पायरी मोजत खाली आल्या. गुडघ्यांनी त्यांना चार महिने जिना दाखवला नव्हता. त्यांनी बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं. "नीट जा गो बाय," एवढंच म्हणाल्या आणि बाजूला झाल्या.

"आत कोण बसतंय?" टेम्पोवाल्याने विचारलं. "स्टिअरिंगला माणूस पाहिजे."

अक्षता दाराकडे निघाली होती. सहदेव म्हणाले, "सुबोध, तू बस."

सुबोधने दार उघडलं. सीट फार ठेंगणी होती, गुडघे पोटाशी आले. स्टिअरिंगवर त्याने हात ठेवले, काढले, पँटला पुसले आणि परत ठेवले.

सहदेव, अक्षता आणि टेम्पोवाला मागून ढकलू लागले. चाकं कुरकुरली आणि गाडी शेडबाहेर उन्हात आली. मागच्या काचेतून सहदेवांना सुबोधचं डोकं दिसत होतं. तो पाच-सहा वर्षांचा असताना, गाडी नुकतीच घेतली होती तेव्हा, ते त्याला मांडीवर घेऊन त्या सीटवर बसत. गाडी जागची हलत नसे, पण सुबोध घाटकोपर ओलांडून सायनपर्यंत जाऊन यायचा. वळताना हात कसा दाखवायचा ते सहदेवांनी त्याला शिकवलं होतं. बोल्ट मोडायच्या कितीतरी आधी. ते शिकवलं होतं, हेही ते विसरले होते.

पाण्याची टाकी जवळ आली. खिडकीतून सुबोधचा उजवा हात बाहेर आला. सरळ, खांद्याच्या रेषेत, तळवा पुढे.

त्या आवारात मागून येणारी दुसरी गाडी नव्हती. तो हात ओळखणारे सहदेव एकटेच होते. त्यांनी वेग जरा कमी केला, वळण होऊ दिलं, आणि मग परत जोर लावला.