फाटकाच्या डाव्या अंगाला

सरस्वतीबाईंच्या खुरप्याला टणक काहीतरी लागलं. फाटकाच्या डाव्या अंगाची माती त्यांनी हातांनीच बाजूला केली, तर पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेला नारळ. अंगावर सर्रकन काटा आला. म्हणजे करणीचा संशय खराच होता.

सून वरच्या मजल्यावर नातीला अंघोळ घालत होती. कोमांग तिचं नाव. जहाजावरच्या किचनमध्ये काम करता करता मुलाने, कुंदनने, ही बालीची मुलगी पसंत केली, तेव्हा अर्धं करंजाडे गाव तिला बघायला लोटलं होतं. पूजाअर्चा करते म्हणून बाईंनी कौतुकही केलं. पण बाळंतपणानंतर काहीतरी वेगळंच सुरू झालं. कुंदनने दवाखान्यातून एक पिशवी आणली, आईला न दाखवता इथे काहीतरी पुरलं आणि तो ड्युटीवर निघून गेला. तेव्हापासून कोमांग रोज त्या जागी पानावर रंगवलेला भात, मीठ, आल्याचा तुकडा मांडून उदबत्ती लावायची. नातीचे पाय जमिनीला टेकू द्यायची नाही. विचारलं तर म्हणे, ती अजून देव हाय.

असला भात तिठ्यावर दिसला तर बाई लांबून वळसा घालून जात. आणि आता उतारा त्यांच्याच दारात! गोड बोलून घर गिळायला बसली की काय ही?

नारळ पिशवीत कोंबून त्या तडक खाडीवर गेल्या. ओहोटी होती. पाण्याने तो बघता बघता ओढून नेला. बाईंना इतकं मोकळं वाटलं की येताना त्यांनी बोंबीलही घेतले.

संध्याकाळी कोमांग भाताचं पान घेऊन आली आणि उकरलेल्या मातीपाशी थबकली.

“आई, इथं कोन आलता?”

तिची मराठी बाईंचीच होती. दुसरी शिकणार कुठून?

“कुत्र्यानं उकरलं असंल,” बाई म्हणाल्या. “काय पुरलंवतं तुमी?”

कोमांग मटकन खाली बसली आणि दोन्ही हातांनी माती चाळू लागली.

“नारळात बाळाची वार हाय, आई. आमच्या गावाला घरातच पुरतात. ती बाळाची बहीन. संगती येते, राखन करते. तिला पन भूक लागते ना, म्हनून भात.” तिला हुंदका आवरेना. “कुंदन बोलला, आईला सांगू नको, घाबरंल.”

पोरीला जेवायला वाढत होती ही, रोज.

“कुत्रा नाय आलता,” त्या कशाबशा म्हणाल्या. “मीच खाडीत टाकली.”

कोमांग डोळे पुसून उठली. मग तिने वरून बाळाला आणलं, पान उचललं आणि ती फाटकाबाहेर पडली. बाई मागोमाग गेल्या.

खाडीला भरती लागली होती. कोमांगने पान पाण्यावर सोडलं, आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटली आणि थांबली.

“आई, तुमी तिला बोलवा. ती इथं नवी हाय, वाट ठाव नाय. खाडी तुमची हाय ना?”

बाईंनी आधी नातीच्या तोंडाकडे पाहिलं, मग पाण्याकडे.

“ये गो बाय,” त्या हळूच म्हणाल्या. मग पदर खोचून, अंगणातून पोरांना हाक मारावी तशा त्या ओरडल्या, “ये गो बाय, घरा ये! जेवाला ये!”