शेंदराखालचा माणूस

माझ्यामुळे एक दगड कायमचा गाडला जायचा होता, आणि तो वाचवायला आलेल्या बाईला मी पहिल्यांदा दारातूनच हाकललं. सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

एकोणीसशे एकतीस साली मी सोलापुरात पुराणवस्तू खात्याच्या साहेबाच्या हाताखाली होतो. जुने कानडी लेख वाचायचे, दगडावर ओला कागद ब्रशाने ठोकून त्यांचे शाईचे ठसे घ्यायचे, हे माझं काम. अक्कलकोटच्या बाजूला धनगरांच्या एका वाडीजवळ पुरुषभर उंचीचा दगड उभा होता. चार बोटं जाड शेंदूर. लोक त्याला शेंदऱ्या देव म्हणत. मी लांबूनच पाहिलं आणि यादीत लिहिलं, 'देवाचा दगड, लेख नाही.' ऊन मी म्हणत होतं आणि मला जेवायला घरी पोचायचं होतं. कामचुकारपणाला याहून मोठं कारण लागत नाही.

वर्षभराने तिथून सडक सरळ करायचं निघालं. ओव्हरसियरने यादी पाहिली. दगड सरकारी रक्षणात नाही म्हटल्यावर सोमवारी तो उपटून सडकेखालच्या मोरीच्या पायात घालायचं ठरलं. वाडीनेही मान डोलावली, कारण देव हलवायची रीत होतीच. जुन्या दगडावरचा चिमूटभर शेंदूर नव्या दगडाला लावायचा, नारळ फोडायचा, की देव तिकडे जातो. मागे उरतो तो नुसता धोंडा. पुजारी सिदूने नवा दगड शोधूनही ठेवला होता.

आडवी आली ती एकटी मायाक्का, सिदूची विधवा भावजय. साठीची बाई शनिवारी सकाळी पाच कोस चालत माझ्या दारात येऊन उभी राहिली.

"चनबसप्पा तुमीच न्हवं? आमचा दगड तुमच्या यादीत घाला."

"त्यावर लेख नाही, बाई. आणि देव हलवताहेत ना तुमचे लोक?"

"द्येव हलंल की. पर आत मानूस हाय, त्यो कसा हलंल? माज्या सासूला तिच्या सासूनं सांगितलं हुतं. शेंदराच्या आत ढाल-तलवारीचा गडी हाय, खाली अक्षरं हायती."

सासवांच्या सांगण्यावर सरकार चालत नाही, असं म्हणून मी दार लावून घेतलं. मोठा शहाणा मी. दुपारी पाहिलं तर बाई ओट्यावर. रविवारी सकाळी दूध घ्यायला दार उघडलं, तरी ओट्यावरच. मला राग आला. हिला घालवायचा एकच उपाय सुचला.

"शेंदूर खरवडल्याशिवाय अक्षरं दिसायची नाहीत," मी म्हणालो. "खरवडाल तुमच्या देवाला?"

कुठलाही धनगर हे ऐकून कानावर हात ठेवेल, असा माझा हिशेब. ती उठली, लुगडं झटकलं आणि म्हणाली, "चला."

आता मागे कसा फिरू? कागद, शाई, ब्रश घेतला आणि छकड्यात बसलो.

दगडापाशी सिदू हात पसरून उभा राहिला. "वैनी, ह्ये द्येवाचं कवच हाय. त्यो आपून टाकंल तवाच निगायचं. हात लावलास तर मेंढरं मरत्याल."

"माजी मरतील. मी एकटीच हात लावनार हाय. सरक."

तिची वीस मेंढरं होती आणि दुसरं काही नव्हतं. सिदू सरकला.

लोखंड मी लावू दिलं नाही. गरम पाणी ओतायचं आणि बाभळीच्या ढलपीने हळूहळू खरवडायचं. चार तास ती खाली बसली नाही. लाल खपल्या पडत गेल्या. आधी एक पाऊल निघालं, मग गुरांची रांग, मग ढाल, आणि शेवटी झिजलेल्या नाकाचा, मिशांचा एक तरणा चेहरा. गुरांच्या खाली तीन ओळी होत्या. मला माझ्याच कानफटात मारून घ्यावीशी वाटली.

ठसा घेतला आणि मराठीत अर्थ करून मोठ्याने वाचला. "केताचा मुलगा माचय्या गावची गुरं सोडवताना पडला. हा दगड त्याच्या आईनं उभा केला."

"पुन्ना वाचा," मायाक्का म्हणाली. मी वाचलं. तिने आणखी एकदा वाचायला लावलं.

ओला ठसा घेऊन मी साहेबाचा मुक्काम होता त्या डाकबंगल्यावर गेलो. माझी जुनी नोंद चुकीची होती, हे साहेबाला स्वतःच सांगितलं. त्याने मला झापलं आणि लगेच हुकूम लिहून दिला. सोमवारी ओव्हरसियरने माझ्या नावाने बोटं मोडत सडक बारा हात बाजूने आखली.

पण हुकुमात एक कलम होतं. यापुढे दगडाला तेल, शेंदूर काहीही लावायचं नाही. हे तिला सांगायची माझी छाती होईना. देव वाचवायला आलेल्या बाईचा देवच मी काढून घेत होतो. शेवटी दगडापाशी गेलो आणि मान खाली घालून वाचून दाखवलं.

मायाक्काने माझ्याकडे पाहिलं, जणू मी एवढा शिकून वायाच गेलो होतो.

"अवो, मानसाला कुटं शेंदूर लावत्यात?"

मग तिने तांब्याभर पाणी आणलं आणि उन्हातून आलेल्या घरच्या माणसापुढे ठेवावं तसं त्याच्या पायाशी ठेवलं.