सामाईक भिंत

“बाई, पलीकडे घरच उरलं नाही, तर ठोकणार कोण?” पाडकामाचा मुकादम हसला.

एनिड हसली नाही. डोक्याला रुमाल बांधून ती वर बघत उभी होती. लीड्समधल्या त्या जुन्या लाल विटांच्या रांगेतली अर्धी घरं पाडून झाली होती आणि तिचं घर आता टोकाला आलं होतं. उघड्या पडलेल्या भिंतीवर शेजारच्या क्लॅराच्या संसाराच्या खुणा तेवढ्या होत्या: खाली भिंतीतली काळवंडलेली शेकोटी, जिन्याची तिरकी रेघ, आणि माडीवरच्या शेकोटीभोवती निळ्या फुलांचा कागद.

“काल रात्रीही ठोकलं,” ती म्हणाली.

“धुराडं निवलं की विटा कुरकुरतात हो.”

विटांचं कुरकुरणं एनिडला ठाऊक होतं. लोकरीच्या गिरणीत रफूकाम करून ती आयुष्यभर याच भिंतीशी येऊन बसली होती. दोन्ही घरांच्या शेकोट्या पाठीला पाठ लावून बांधलेल्या. निजण्याआधी क्लॅरा कोळसे ढोसायच्या सळईने भिंतीवर ठोकायची, एनिड उत्तर द्यायची. नवरे गेल्यावर दोघींना तेवढाच आधार होता. मग पालिकेने क्लॅराला शहराच्या दुसऱ्या टोकाला, उंच इमारतीत हलवलं. ठोकणं मात्र थांबलं नाही. त्यानंतर उत्तर द्यायची एनिडची एकदाही छाती झाली नव्हती.

शनिवारी ती बसने क्लॅराकडे गेली.

“आलीस एकदाची! बस, चहा टाकते.”

नव्या घरात शेकोटी नव्हती. काँक्रीटच्या भिंतीचा रंग एका जागी उडाला होता, आणि खाली ती जुनी सळई.

“क्लॅरा, तू अजून ठोकतेस?”

“खोड जात नाही मेली. हसू नकोस.”

“भिंतीपलीकडे कोण राहतं?”

“कुणी नाही. नुसती हवा. टोकाचं घर गं हे, तुझ्यासारखंच.” क्लॅराने कप पुढे केला. “तू उत्तर देतेस, मग मला झोप लागते. पण हल्ली फार उशिरा देतेस. बरं नसतं का?”

एनिडने तिच्याकडे पाहिलं. क्लॅरा केवढी वाळली होती!

“गुडघे गं,” एनिड म्हणाली. “उठायला वेळ लागतो.”

“तरीच!” क्लॅराचा चेहरा खुलला. ती बिस्किटांचा डबा शोधायला आत गेली.

तेवढ्यात एनिडने आपली खुर्ची फिरवून घेतली, भिंतीकडे पाठ होणार नाही अशी.