पाचवी टिकली

"काय सतरा, झोप झाली का?" उबेच्या कपाटाचं दार उघडत मामानं विचारलं.

"मामा, जंतूंशी कसल्या गप्पा मारता?" प्रयोगशाळेच्या बाई मागून म्हणाल्या.

"माणसांपेक्षा बरे, बाई. उलट बोलत नाहीत."

बाई हसल्या. मामाच्या तोंडाला कुलूप नव्हतं आणि हाताला स्वस्थता नव्हती. कुणाच्या खुर्चीला खडू फास, कुणाच्या डब्यात बाटलीचं बूच ठेव, असले उद्योग पन्नाशीतही चालूच होते. बाकी काम चोख. रसाच्या कारखान्यातून साली-चोथ्याचं पिंप आलं की तो साली वाळवायचा, दळायचा, स्पिरिटात भिजत घालायचा. बाई तो अर्क कागदाच्या टिकलीवर टाकून टिकली जंतूंच्या ताटलीत ठेवायच्या. जंतू मेले तर टिकलीभोवती स्वच्छ गोल पडायचा. आंबा, अननस, फणस सगळे झाले, सतरा नंबरचा जंतू ढिम्म. दवाखान्यातली भारी औषधंसुद्धा त्यानं पचवून ढेकर दिली होती.

सतरा नंबर दोन वर्षांपूर्वी दवाखान्यातून आला. नळी मामानंच आणली. चिठ्ठीवर नाव नव्हतं, फक्त 'पायाची जखम, स्त्री'. पाय कुणाचा हे मामा कुणाला बोलला नाही. बायको गेली, सतरा राहिला. दर महिन्याला नव्या नळीत त्याला ताजं खाणं द्यायचं कामही मामाचंच. घरात तिचं जितं असं काही उरलं नव्हतं. जे उरलं, ते इथं होतं आणि मामाच्या हातचं खात होतं.

कालची पाळी डाळिंबाच्या सालीची. तिचं पिंप उघडल्यापासून मामाला घरच्या पातेल्याचा वास येत होता. बायको त्याच साली उकळून जखमेचा पाय धुवायची.

"अगं, पाय धुतेस की सरबत करतेस?" तो चिडवायचा. मग एकदा त्यानं पातेलं ओतून दिलं आणि त्यात बिनदुधाचा चहा भरून ठेवला. रंग सारखाच. तीन दिवस ती चहानं पाय धूत होती.

"तरीच म्हटलं, वास वेगळा कसा?" चौथ्या दिवशी कळल्यावर तीच जास्त हसली होती. "अहो, साखर तरी घालायची!" पण तोवर पाय सुजला होता.

काल बाई जेवायला गेल्यावर मामानं डाळिंबाच्या चार टिकल्यांच्या शेजारी पाचवी ठेवली होती. चहाची. एकदाचं कळू दे म्हणून.

आता बाईंनी ताटली उजेडात धरली आणि खुर्चीच ओढली. "मामा, इकडे या. गोल बघा."

चारही टिकल्यांभोवती स्वच्छ, रुंद गोल होते. पाचवीला सतरा अगदी चिकटून वाढला होता. जागा म्हणून सोडली नव्हती.

"ही पाचवी कसली?"

"चहाची."

"तुम्ही काही सुधारायचे नाही." बाई हसता हसता त्याच्याकडे बघून थांबल्या. "काय झालं हो?"

"बाई, ही साल जखमेवर लावली असती तर? माणूस वाचलं असतं?"

"ताटलीत मेले म्हणून अंगात मरतीलच असं नाही, मामा. मला नाही सांगता येणार."

मामानं मान हलवली. त्याला 'नाही' ऐकायचं होतं. नुसतं 'नाही'.

"सतराचं काम झालं," बाई म्हणाल्या. "नळ्या, ताटल्या, सगळं कुकरात टाका आज."

मामानं सगळं मोठ्या प्रेशर कुकरात रचलं. शेवटची नळी मुठीत जरा वेळ धरली, मग तीही ठेवली. झाकण आवळलं. वाफ सुटेपर्यंत तो तिथंच उभा होता, झाकणाकडे तोंड करून.

मग त्यानं वही उघडली. नंबर सतरा. पायाची जखम, स्त्री. शेवटचा रकाना, 'नष्ट करणाऱ्याची सही'. त्या रकान्यात मामा नेहमी मिशीवालं तोंड काढायचा आणि बाई नेहमी रागवायच्या.

आज त्यानं स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. सावकाश, एकही अक्षर न गाळता.