महादेवप्पांची डबी

सरकारी साहेब दुपारी येणार असा निरोप होता आणि आले मात्र सकाळीच, त्यामुळे आश्रमात एकच पळापळ उडाली. होटगी रस्त्यावरच्या त्या वृद्धाश्रमात साहेब यायचे म्हणजे सणच. खाटांवर नव्या कोऱ्या चादरी यायच्या, ताटात शिरा यायचा आणि साहेबांची जीप वळली की चादरी घड्या होऊन परत पेटीत जायच्या. बरं, आजवरच्या साहेबांनाही कुठं सवड होती? ऑफिसात पंख्याखाली चहा प्यायचा, सही ठोकायची, झाली तपासणी!

शरणम्मा आंघोळ करून पूजेला बसली होती. मॅनेजरची बायको केराबाई धावत आली, कपाटातून काढलेली चांदीची डबी तिनं शरणम्माच्या मांडीवर टाकली, "उरका लवकर, आजी," म्हणाली आणि चादरी पसरायला पळाली. डबीत इष्टलिंग असतं. लिंगायत माणूस ते जन्मभर गळ्यात बाळगतो, त्याची पूजा झाल्याशिवाय अन्नाला शिवत नाही. पण 'चोऱ्या वाढल्यात' म्हणत मॅनेजरनं सगळ्यांच्या डब्या काढून घेतल्या होत्या. सकाळी पूजेपुरत्या मिळायच्या, मग पुन्हा कपाटात. केराबाईला डबी म्हणजे चांदी, एवढंच ठाऊक. सगळ्यांनी मुकाट्यानं दिल्या. दुसऱ्याच्या भाकरीवर दिवस काढणाऱ्या म्हाताऱ्यांनी तोंड उघडायचं तरी कुणाच्या जिवावर?

एकटे महादेवप्पा तेवढे अडून बसले होते. "माज्या मढ्यासंगं जाईल हे, तुज्या कपाटात न्हाय," असं त्यांनी मॅनेजरला तोंडावर सांगितलं होतं.

शरणम्मानं डबी हातात घेऊन निरखली. ही डबी तिची नव्हती. हिची एक कडी तुटलेली होती आणि तांब्याच्या तारेनं बांधलेली होती. ती तार महादेवप्पांनी ओसरीवर बसून तिच्या डोळ्यांसमोर पिळली होती.

मागं महादेवप्पांना ताप आला तेव्हा मॅनेजरनं त्यांना परसातल्या पत्र्याच्या खोलीत हलवलं होतं. चारसहा दिवसांनी सांगितलं, पुतण्या आला आणि माढ्याला घेऊन गेला. शरणम्माला हेवा वाटला होता. म्हाताऱ्यानं नशीब काढलं, असं ती शेजारच्या खाटेवरच्या शिवबाईला म्हणालीही होती. आता तिनं ती तार पुन्हा बोटानं चाचपली. जिवंत माणूस इष्टलिंग टाकून गावाला जात नाही, आणि मेला तर ते त्याच्या तळहातावर ठेवूनच त्याला पुरतात. डबी कपाटात राहिली, म्हणजे पुतण्याबितण्या कुणी आलाच नव्हता. मग म्हातारा गेला कुठं? कुणी नेला, कुठं नेऊन टाकला?

आणि शिवबाईला ताप भरला म्हणून कालच त्या पत्र्याच्या खोलीत नेलं होतं. सोलापूरचा मे महिना, वर तापलेला पत्रा आणि बाहेरून कुलूप.

नवे साहेब नागनाथ बनसोडे तरुण होते. चहा नको म्हणून ते थेट खाटांकडे आले. "काय आजी, बरं चाललंय ना? काही तक्रार?" त्यांनी मोकळेपणानं विचारलं. त्यांच्या खांद्यामागं मॅनेजर हसत उभा होता. विचारायची ही तऱ्हा! कसायाला शेजारी उभं करून शेळीची खुशाली विचारायची.

शरणम्मानं नुसती मान डोलावली. साहेब जीपमधून जाणार, ती इथंच राहणार. आज बोललं तर उद्या पत्र्याच्या खोलीत कोण असेल, हे तिला कुणी सांगायला नको होतं. साहेब पुढच्या खाटेकडे वळले, तशी तिला आपल्या भीतीचीच चीड आली.

"साहेब," ती कशीबशी म्हणाली, "ही डबी माजी न्हाय. महादेवप्पांची हाय."

"अदलाबदल झाली असेल हो," मॅनेजर हसला. "वय झालं की असं होतं, साहेब. त्यांना पुतण्यानं नेलं, डबी राहिली असेल विसरून."

"लिंग कोन इसरत न्हाय! आमच्यात मढ्याच्या हातात देत्यात की ते."

बनसोडेसाहेब बौद्ध घरातले, त्यांना या रीतीची फारशी माहिती नव्हती. पण मॅनेजरचा चेहरा पांढराफटक पडलेला त्यांना दिसला, आणि केराबाईच्या हातातली चादर गळून पडलेलीही दिसली.

"ठीक आहे, आजी. चौकशी करू. उद्या येतो मी," ते म्हणाले.

उद्या! शरणम्मानं साहेबांची बाही गच्च धरली. "उद्या नगं. मागची खोली आत्ता उगडा. माजी शिवबाई हाय आत. तुमी गेलासा की आमी दोगी बी गेलो बगा."

"अडगळ आहे तिथं," मॅनेजर घाईघाईनं म्हणाला. "आणि किल्लीवाला बाजारात गेलाय."

साहेबांनी बाहीवरच्या हाताकडे पाहिलं. त्यांनी तो हात सोडवला नाही. "मग कुलूप फोडा," ते म्हणाले.

जीपच्या ड्रायव्हरनं जॅकच्या दांड्यानं कुलूप तोडलं. दार उघडताच घाणीचा आणि उष्णतेचा असा लोट आला की साहेबांनी तोंड फिरवलं. शिवबाई नुसत्या फरशीवर पडली होती. तिचं मनगट लुगड्याच्या चिंधीनं एका मोडक्या खाटेच्या पायाला बांधलेलं होतं. शरणम्मा गुडघ्यांवर बसली, तिनं चिंधी सोडली आणि रडत रडत सोबत आणलेला पूजेचा तांब्या तिच्या ओठांना लावला.

दोन घोट पोटात गेल्यावर शिवबाईनं डोळे उघडले. तिला साहेब दिसले, आणि दारात मॅनेजर दिसला. तिनं सुजलेले हात मोठ्या कष्टानं जोडले.

"लई सुखात हाय, साहेब," ती म्हणाली. "लई चांगलं ठिवत्यात आमाला."