चौकोनी भोकांची फळी

मी एक जुनी सागवानी फळी आहे, मित्रांनो. लांबी सात हात, रुंदी एक वीत, जाडी दीड बोट. दाभोळला आवडाबाईंच्या घराच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर, सगळ्यांत खालच्या ओळीत मी ठोकलेली आहे. कुणी मला थोपटले की मला बरे वाटत नाही. याला माझ्यात काय सापडायला हवे आहे, हाच विचार आधी मनात येतो. हा संशयी स्वभाव मला माणसांकडून जडला.

माझे झाड चिपळूणच्या वरच्या डोंगरातले. ओंडका बांबूंच्या तराफ्याला बांधून वाशिष्ठीतून खाली आणला आणि खाडीच्या खाऱ्या चिखलात दोन पावसाळे पुरून ठेवला. तिथे लाकडातला रस धुऊन जातो, म्हणून ते पुढे सहसा वाकत नाही. मग मला कापून एका मचव्याच्या, म्हणजे शिडाच्या मोठ्या होडीच्या, कुशीला ठोकले. बावीस वर्षे मी समुद्रात होते. दर वर्षी पावसाआधी मचवा वर ओढून मला मोरी माशाचे तेल पाजत. १९२६ साली मचव्याच्या तळाचा कणा कुजला आणि तो मोडीत निघाला. बाबल्या सुताराने फळ्या एकेक करून ठोकून पाहिल्या आणि चौदा धडधाकट तेवढ्या उचलल्या.

त्याच वर्षी आवडाबाईंना फळ्या हव्या होत्या. त्यांच्या घराची भिंत जांभ्या चिऱ्याची, मातीत रचलेली. पश्चिमेचा पाऊस आडवा येतो आणि सांध्यांतली माती ओढून नेतो. त्या भिंतीमागेच चार महिन्यांचे भात आणि सुकी मासळी असे. दर वर्षी झावळ्यांचा कूड बांधावा लागे. मुलगा जानू मुंबईला गिरणीत होता. त्याने पत्रातून कळवले की आता कायमच्या फळ्याच ठोकून घे.

बाबल्याने इथे एक चूक केली. मोडीतल्या मचव्याचे लाकूड अपशकुनी मानून ते घराला लावायला वाडीतली माणसे बिचकत. म्हणून त्याने आमची खिळ्यांची भोके राळेने बुजवली, वरून रंधा मारला आणि आम्हांला नव्यासारखे करून अंगणात आणून उभे केले.

आवडाबाईंनी मला नखाने खरवडले, हुंगले, आणि मग विचारले, “लाकूड कुठलं रे, बाबल्या?”

“सागवान, काकी. हात लावून बघ.”

“जात नाय विचारली. आणलंस कुठून?”

“चांगल्या ठिकाणाहून.”

“त्या ठिकाणाला नाव नाय काय? आणि हे काळे ठिपके कसले?”

“गाठी.”

“सगळ्या फळ्यांना एका ओळीत गाठी? झाड दोरी धरून वाढलं वाटतं!”

कुंपणापाशी जमलेल्या बायका हसल्या. आवडाबाईंनी मासे कापायच्या सुरीचे टोक माझ्या एका ठिपक्यात खुपसले. राळेचा तुकडा उडाला आणि आतून काळसर भुकटी सांडली. ती खिळ्याच्या गंजाची होती.

“भुसा!” त्या ओरडल्या. “किडकं लाकूड राळ भरून आणलंस? मेल्या, माझ्या घरात माणसं राहतात, उंदीर नाय!”

“काकी, कीड नाय ती.”

“मग काय हाय? सांग की!”

खरे सांगितले तर मचवा उघड होणार होता. बाबल्या तेरा फळ्या गाडीवर टाकून निघून गेला. सुरी लागलेली मी तेवढी तिथेच पडून राहिले.

मित्रांनो, आवडाबाईंची नजर बरोबर होती. ठिपके एका ओळीत आहेत हे त्यांनीच पाहिले होते. कीड कधी ओळीत चालत नाही, एवढा पुढचा विचार मात्र त्यांनी केला नाही. आणि बाबल्याने तोंडच उघडले नाही. त्याची मोठी किंमत त्याला मोजावी लागली. वाडीत त्याला साधी चौकट बसवायलाही कुणी बोलावीना.

आवडाबाईंनी वखारीतून गुळगुळीत, लालसर फळ्या आणल्या. एकही ठिपका नव्हता. मला विहिरीकाठी मासे साफ करायला टाकले. सून बकुळा मला रोज राख, वाळू आणि काथ्याने घासायची.

वखारीच्या फळ्या ओल्याच कापलेल्या होत्या. दिवाळीपर्यंत त्या होडीसारख्या वाकल्या. पुढच्या पावसात फटींतून पाणी आत गेले, भिंत फुगली आणि दोन कणग्यांतले भात काळे पडले. आवडाबाईंनी ते सुपात घेऊन निवडायचा प्रयत्न केला, मग सूप तसेच खाली ठेवले.

१९२८ च्या वैशाखात बकुळा माझ्यावर बांगडे साफ करत होती. उन्हाने माझी राळ तडकून पडली होती आणि भोके स्वच्छ झाली होती.

“आत्ये, हिला भोकं पडलीत, पण चौकोनी.”

“कीड चौकोनी कशी खाईल गो? डोळे तपास.”

“तुम्हीच बघा.”

आवडाबाई वाकल्या. त्यांनी करंगळी भोकाच्या कडेवर फिरवली. मग हाताने अंतर मोजले. हातभर अंतरावर दोन, पुन्हा हातभर अंतरावर दोन. त्या उठल्या. घरात जाळे टांगायला त्यांच्या नवऱ्याच्या मचव्याचा एक जुना चौकोनी खिळा मारलेला होता. तो उपटून आणला आणि माझ्या भोकात घातला. तो तंतोतंत बसला.

मग मला बकुळेच्या डोक्यावर देऊन त्या तडक बाबल्याच्या झोपडीकडे निघाल्या.

“मचव्याची हाय ना?” दारातूनच त्यांनी विचारले.

बाबल्याने मान हलवली. “तेव्हा विचारलं असतंस नीट, तर सांगितलं असतं.”

“दोनदा विचारलं होतं मी. पण चारचौघांत तुझ्या लाकडाला किडकं म्हटलं ते माझं चुकलं. ते मी चारचौघांतच परत घेईन. तेरा कुठं हायत?”

“मागच्या पडवीत. कुणी घेतल्या नाय.”

“तेल देतोस काय त्यांना?”

“दर वैशाखात.”

त्यांनी पदराने तोंड पुसले. “भोकं राळेने भरू नकोस. लाकडाच्या खुंट्या मार, पांढऱ्या. लांबून दिसू देत.”

चार दिवसांत आम्ही चौदाजणी भिंतीवर चढलो. वरची फळी खालच्या फळीवर दोन बोटे चढवलेली, म्हणजे पाणी आत शिरत नाही. सगळ्यांत जास्त चिखल खालच्या ओळीला उडतो. तिथे बाबल्याने मला ठोकले. ते काम चालू असताना आवडाबाईंनी त्याच बायकांना कुंपणापाशी बोलावले, आणि आपले काय चुकले ते मोठ्याने सांगितले.

याला आता दहा वर्षे झाली. बाबल्याला कुणी लाकूड विचारायला आले, की भाव सांगायच्या आधी तो म्हणतो, “मचव्याचं हाय. चालेल?” काही माणसे परत जातात. बाकीची घेतात.

आवडाबाई अजूनही दर वैशाखात तेलाची वाटी घेऊन येतात आणि आधी मला नखाने खरवडून पाहतात. पूर्वी मला त्याचा राग येई. पण गेल्या वर्षी माझ्या कडेला वाळवीची बोटभर माती त्यांनाच दिसली, आणि त्यांनी ती त्याच दिवशी काढली. तेव्हा मित्रांनो, तुमच्याही घराला फळ्या असतील, तर वर्षातून एकदा त्यांना तेल द्या. त्यांच्यावर संशय घ्यायचा असेल तर जरूर घ्या. फक्त लांबून घेऊ नका. खाली वाका, आणि भोक गोल आहे की चौकोनी ते नीट बघा.